साखर पहिल्याच दिवशी उतरली होती

किडनी निकामी झालेल्या टाइप वन (शरीरात इन्सुलिन जवळपास बनतच नाही अशा) मधुमेह्याला ‘किडनीबरोबर स्वादुपिंडही बसवून घ्या’ असा सल्ला मिळाला, की घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला : मग शुगर कायमची गेली का? नाशिकच्या सिव्हिलची ओपीडी असो की गंगापूर रोडवरचा खासगी दवाखाना, प्रश्न तोच. गंमत अशी, की या शस्त्रक्रियेच्या इतिहासात साखरेनं सगळ्यात कमी त्रास दिलाय.

कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं की त्याला मधुमेह होतो, हे मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी 1889 मध्ये दाखवलं. चारच वर्षांनी ब्रिस्टलमध्ये मेंढीच्या स्वादुपिंडाचे तुकडे एका 15 वर्षांच्या मुलाच्या कातडीखाली बसवून पाहिले. मुलगा तीन दिवसांत गेला. 1922 मध्ये इन्सुलिनचं इंजेक्शन आलं आणि हा विषय मागं पडला.

17 डिसेंबर 1966 रोजी अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात विल्यम केली आणि रिचर्ड लिलहाय या सर्जननी 28 वर्षांच्या एका बाईला किडनीसह स्वादुपिंडाचा भाग बसवला. साखर लगेच उतरली. सुमारे सहा दिवस तिला इन्सुलिन लागलं नाही. मग स्टिरॉइडच्या मोठ्या डोसमुळे पुन्हा लागलं, स्वादुपिंडाला सूज आली, आणि काही महिन्यांत ती दगावली.

अडलं होतं ते पाचकरसापाशी. स्वादुपिंड इन्सुलिन करतं तसा रोज लिटरभराहून जास्त पाचकरसही करतं, आणि तो जिथं सांडेल तिथलं मांस पचवतो. हा रस वाहून नेणारी नळी बांधून पाहिली, 1978 च्या सुमारास फ्रान्समध्ये नळीत रबरासारखा पदार्थ भरून पाहिला. 1980 च्या दशकात नळी मूत्राशयाला जोडायची पद्धत रुळली. तिचा फायदा असा, की लघवीतलं अमायलेज (पाचकरसातलं एक द्रव्य) उतरलं की साखर चढण्याआधीच रिजेक्शनची, म्हणजे शरीर नवा अवयव नाकारत असल्याची, चाहूल लागे. पण लघवीवाटे बायकार्बोनेट (रक्तातलं आम्ल आवरणारा क्षार) वाहून जाई, अंगातलं पाणी कमी पडे. शेवटी 1990 च्या दशकात बहुतेकांनी ती आतड्याला जोडली; निसर्गानं मुळात तेच केलेलं आहे.

दुसरा घोळ शिरेचा. आपल्या स्वादुपिंडातलं इन्सुलिन आधी यकृतात जातं आणि तिथंच जवळपास निम्मं खर्ची पडतं. नवं स्वादुपिंड मात्र ओटीपोटात उजवीकडे बसवतात (जुनं तसंच आत राहतं) आणि त्याची शीर बहुधा तिथल्या मोठ्या शिरेला जोडतात. त्यामुळे इन्सुलिन यकृताला वळसा घालून थेट अंगभर पसरतं. अशा रुग्णांच्या रक्तात उपाशीपोटी इन्सुलिन दुप्पट-तिप्पट सापडतं, तरी साखर नॉर्मल. यकृताकडे जाणाऱ्या शिरेला जोडायची पद्धतही आहे. साखरेच्या आकड्यात त्यानं मोठा फरक दिसलेला नाही.

माझ्या मते खरी कमाई वेगळीच आहे. इन्सुलिनवरचा माणूस मिसळीच्या प्लेटपुढे बसला की आधी पाव मोजतो, मग पेनवर युनिट फिरवतो, आणि अंदाज चुकला तर रात्री दोनला घामाघूम होऊन उठतो. जुना टाइप वन असेल तर तो घामही येत नाही. शुगर लो झाल्याचं घरच्यांनाच कळतं. नव्या स्वादुपिंडातल्या पेशी साखर चढली की इन्सुलिन सोडतात, उतरू लागली की हात आखडतात. शिवाय साखर फार उतरली की ती वर आणणारं ग्लुकॅगॉन सोडतात, जे या रुग्णांमध्ये बंदच पडलेलं असतं. कुठलंही पेन हे करत नाही.

तरी ‘बरा झाला’ म्हणता येत नाही. मिनेसोटातच काही रुग्णांना त्यांच्या एकसारख्या जुळ्या भावंडाच्या स्वादुपिंडाचा तुकडा बसवला. रक्तमांस एकच, म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं दिली नाहीत. रिजेक्शन झालं नाही, पण काही आठवड्यांत मधुमेह परतला : शरीरानं इन्सुलिन करणाऱ्या पेशीच तेवढ्या वेचून मारल्या. म्हणजे औषधं परक्या अवयवासाठी लागतात तशी मूळ आजारासाठीही लागतात. आणि त्यांतली टॅक्रोलिमस व स्टिरॉइड स्वतःच साखर वाढवतात.

धीरही फार लागतो. 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, फक्त स्वादुपिंड बसवलेल्या आठ जणांच्या स्वतःच्या किडन्यांमधली मधुमेहाची इजा पाच वर्षांनी जशीच्या तशी होती. भरून आलेली दिसली ती दहा वर्षांनी.

आपल्याकडे 1994 च्या कायद्यानं मेंदूमृत व्यक्तीचे अवयव घेण्याची वाट मोकळी झाली. अवयववाटपात नाशिक पुणे विभागात मोडतं. स्वादुपिंड काढल्यापासून साधारण बारा तासांच्या आत बसलेलं बरं, म्हणून सिन्नर-संगमनेरवरून जाणारा रस्ताही हिशेबात धरावा लागतो. नाशिकचे बहुसंख्य मधुमेही टाइप टू आहेत आणि त्यांच्यातल्या मोजक्यांनाच ही शस्त्रक्रिया लागू पडते. ज्यांची झाली, त्यांनी घरच्या ग्लुकोमीटरवर विसंबू नये : रिजेक्शनमध्ये साखर उशिरा चढते. अमायलेज, लायपेज (तेही पाचकरसातलंच) आणि टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी तपासण्याच्या तारखा चुकवून चालत नाही.