मागचे शॉकअप घरीच बसवणार असाल तर आधी हे वाचा

नमस्कार मंडळी. शॉकअपची जोडी घेताना काउंटरवर जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, दादा घरी बसवता येईल का, आणि गर्दीत उभ्या उभ्या सगळं सांगणं जमत नाही म्हणून हा कागद बॉक्समध्ये घालून देतोय. येतं बसवता. हातात पाना धरायची सवय असेल तर तासाभराचं काम आहे, पहिल्यांदाच करत असाल तर दोन तास धरा आणि घाई करू नका.

हे सगळं स्प्लेंडर, शाइन, प्लॅटिना अशा मागे दोन शॉकअप असलेल्या गाड्यांसाठी आहे. युनिकॉर्न २००४ साली आली ती मोनोशॉक, म्हणजे मधोमध एकच शॉकअप, घेऊनच, आता तशा गाड्या बऱ्याच झाल्यात, पण मोनोशॉक घरी काढू नका अशी आमची विनंती आहे, कारण तिथं आधाराला दुसरा शॉकअप नसतो, तो निघाला की चिमटा (मागचं चाक धरणारा दोन हातांचा लोखंडी भाग) आणि गाडी दोन्ही सांभाळावे लागतात आणि त्याला गाडी वरून टांगायची सोय लागते. ती गाडी सरळ गॅरेजला द्या.

आधी शॉकअप खरंच गेलेत का ते बघा. गाडी स्टँडवरून खाली घ्या, सीटच्या मागच्या टोकाला दोन्ही हातांनी जोरात दाबा आणि सोडा. वर येऊन एकदा थांबली तर ठीक, दोन-तीनदा झोके खात राहिली तर आतलं तेल गेलंय. मग खाली वाकून शॉकअपच्या आत-बाहेर होणाऱ्या दांडीजवळ बघा, सीलच्या खाली काळी चिकट रेघ असते, त्यावर रस्त्याची धूळ बसून चिखलासारखा थर झालेला असतो, तेच गळतीचं लक्षण. तेलाचा मागमूस नाही पण खड्ड्यात नुसता खट खट आवाज येतोय, तर बऱ्याचदा फक्त शॉकअपच्या भोकांतले रबरी बुश झिजलेले असतात, मग जोडी घ्यायची गरज नाही, बुश घ्या, आम्ही स्वतः तेच सांगू.

आणि हो, एकच बदलू नका. मागच्या पावसाळ्यात एक दूधवाले काका एकच घेऊन गेले, दुसरा चांगलाय म्हणाले, आम्हीही जास्त आग्रह केला नाही, आणि महिन्याभरात परत आले की वळणावर गाडी एका बाजूला ओढल्यासारखी वाटते आणि मागं दोन कॅन भरलेले असले की भीती वाटते. एक ताठ एक मऊ म्हटल्यावर चिमट्याला पीळ बसणारच. तेव्हापासून आम्ही सुटा शॉकअप देणंच बंद केलं.

आता काम. जागा सपाट आणि टणक हवी, मातीवर डबल स्टँड रुततो. पाने १२, १४, १७ चे रिंग आणि बॉक्स, दोन्ही जवळ ठेवा, फिक्स पान्याने टोपी नटच्या कडा गोल होतात आणि मग तो नट काढणं म्हणजे नुसता ताप. आदल्या रात्री चारही नटांवर गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवा, खाली चिंधी धरा म्हणजे तो टायरवर किंवा ब्रेकवर उडणार नाही.

बसवण्याआधी जुना आणि नवा शेजारी शेजारी धरून वरच्या भोकाच्या मध्यापासून खालच्या भोकाच्या मध्यापर्यंत टेपने मोजा. लांबी सारखीच पाहिजे. दिसायला भारी म्हणून लांब शॉकअप बसवला की मागून गाडी उचलते, चेनचा कोन बदलतो आणि साइड स्टँडला गाडी जास्त कलते.

गाडी डबल स्टँडवर घ्या आणि एका वेळी एकच बाजू सोडा, हे सगळ्यात महत्त्वाचं. दोन्ही एकदम काढले तर हवेत लटकलेलं चाक चिमट्यासकट खाली येतं, मग भोकं जुळवायला तासभर जातो. डावीकडून सुरू करा, तिथं सायलेन्सरची अडचण नसते, पण बऱ्याच गाड्यांना साडी गार्डची पट्टी शॉकअपच्याच नटवर असते, काहींना मागचं हँडलही. म्हणून नट सोडायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा. कुठला वायसर आत होता, कुठला बाहेर, पट्टी वायसरच्या आत की बाहेर, हे पाच मिनिटांनी आठवत नाही. सुटलेलं सामान ज्या क्रमानं निघेल त्याच क्रमानं कापडावर मांडत जा.

आधी वरचा नट, मग खालचा, तिथं काही गाड्यांना नट असतो काहींना बोल्ट. शॉकअप अडकला तर हलवत हलवत बाहेर ओढा, आट्यांवर मारतूल अजिबात घालायचं नाही, आटे गेले की चेसिसचं काम निघतं. शॉकअप ज्यावर बसतो ती गाडीची मोकळी झालेली दांडी तारेच्या ब्रशने घासा, ग्रीसचा पातळ हात द्या, पण रबराला ग्रीस नको, रबर फुगतं. नवा शॉकअप आधी वर अडकवा, खालचं भोक थोडं मागंपुढं असेल तर चाकाखाली लाकडाचा ठोकळा सरकवून चाक किंचित वर घ्या, बसतो. नट पहिले तीन-चार पीळ हातानेच फिरवा, हाताने जात नसेल तर तिरका बसलाय, काढून परत लावा.

मग उजवी बाजू तशीच. तिथं सायलेन्सर आड येत असेल तर त्याचा मागचा बोल्ट सोडून तो जरा बाजूला करा, आणि हे काम गाडी थंड असतानाच.

शेवटचा टाइट मात्र गाडी डबल स्टँडवरून खाली घेऊन द्या, म्हणजे बुश वजनाखाली नीट बसतात आणि पिळले जात नाहीत. स्प्रिंगच्या खाली फिरवायचं कडं असतं, त्याची खाच दोन्हीकडे सारखीच ठेवा. स्प्लेंडरला अशा पाच खाचा असतात. एकटे फिरत असाल तर पहिली-दुसरी, रोज डबल सीट किंवा कॅन असतील तर चौथी. खाच वाढवली की स्प्रिंग आधीच थोडी दाबून राहते आणि वजनानं गाडी कमी बसते, बाकी काही नाही.

जुन्या शॉकअपची स्प्रिंग घरी सोडवायचा प्रयत्न करू नका. ती दाबून बसवलेली असते, सुटली तर तोंडावर येते. पल्सरसारख्या गाडीचे बाजूला डबी असलेले गॅसचे असतील तर त्यांना कापू नका, भोक पाडू नका, तापवू नका, आत दाबाचा वायू असतो. आमच्याकडं आणून टाका, आम्ही घेतो.

साधारण १०० किलोमीटर झाले की चारही नट पुन्हा पान्याने बघा आणि चेनचा ढिलेपणा तपासा. तोपर्यंत जुनं सामान टाकून देऊ नका, एखादा वायसर चुकून राहिला असेल तर तो त्यातच सापडतो.