फिक्सएमबीआर की फिक्सबूट? कमांड मारायच्या आधी एवढं वाचा

विंडोज चालू होत नाही, काळ्या स्क्रीनवर एक ओळ येऊन सगळं थांबतं, आणि कुणालाही विचारलं की एकच उत्तर मिळतं, रिकव्हरीत जा, कमांड प्रॉम्प्ट उघड आणि बूटरेकच्या (विंडोजचं बूट, म्हणजे सुरू होणं, दुरुस्त करायचं टूल) सगळ्या कमांड एकामागोमाग मारून टाक. कधी कधी चालतंही त्याने, पण फिक्सएमबीआर आणि फिक्सबूट या दोन कमांड डिस्कवरच्या दोन वेगळ्या जागी लिहितात, आणि बिघाड एका जागी असताना दुसरीकडे हात लावायची खरंच काही गरज नसते.

एमबीआर म्हणजे मास्टर बूट रेकॉर्ड. हा अख्ख्या डिस्कचा असतो, कुठल्याही पार्टिशनचा (डिस्कच्या सी, डी अशा भागाचा) नाही. डिस्कचा अगदी पहिला सेक्टर, फक्त ५१२ बाइट. त्यात सुरुवातीला बूट कोड (मशीन सुरू करणारा छोटा प्रोग्रॅम), मग ६४ बाइटचं पार्टिशन टेबल (१६ बाइटची एक अशा ४ नोंदी, म्हणून चारच प्रायमरी पार्टिशन करता येतात) आणि शेवटच्या दोन बाइटमध्ये ५५ एए ही खूण. १९८३ मध्ये आयबीएमच्या पीसी एक्सटीबरोबर डॉस २.० आलं तेव्हापासूनची ही रचना आहे.

बूट सेक्टर मात्र पार्टिशनचा असतो, प्रत्येक पार्टिशनच्या सुरुवातीला त्याचा त्याचा. क्लस्टर (फाइलला जागा द्यायचं एकक) केवढा, एनटीएफएसची (विंडोजची फाइल ठेवायची पद्धत) मुख्य फाइल टेबल कुठे आहे, असली त्या पार्टिशनची माहिती त्यात असते आणि पुढची फाइल शोधून लोड करणारा कोड असतो. एक्सपीत ती फाइल एनटीएलडीआर होती, व्हिस्टापासून बूटएमजीआर. एनटीएफएस याची एक कॉपी पार्टिशनच्या शेवटच्या सेक्टरमध्ये ठेवतं, एमबीआरची अशी कॉपी कुणी ठेवत नाही.

म्हणजे जुन्या पद्धतीच्या मशीनवर क्रम असा, बायोस (मदरबोर्डवरचा सुरुवातीचा प्रोग्रॅम) एमबीआर वाचतो, एमबीआरचा कोड टेबलमध्ये अ‍ॅक्टिव्ह पार्टिशन (ज्यावरून बूट करायचं ते) कुठलं ते बघून त्याचा बूट सेक्टर उचलतो, आणि बूट सेक्टर बूटएमजीआरला उचलतो.

हा क्रम डोक्यात बसला की स्क्रीनवरची ओळ कुणी लिहिली ते कळतं, आणि माझ्या मते सगळ्यात कामाची गोष्ट हीच आहे. "इनव्हॅलिड पार्टिशन टेबल" किंवा "मिसिंग ऑपरेटिंग सिस्टीम" आलं तर ते एमबीआरचा कोड बोलतोय. "बूटएमजीआर इज मिसिंग" किंवा "अ डिस्क रीड एरर ऑकर्ड" आलं तर बूट सेक्टर बोलतोय, म्हणजे एमबीआरने त्याचं काम केलेलं आहे, त्याला कशाला छेडायचं? आणि बूट कॉन्फिगरेशन डेटाबद्दल (कुठलं विंडोज कुठून सुरू करायचं त्याची यादी) तक्रार आली तर बूटएमजीआर स्वतः चालू झालाय, एमबीआर आणि बूट सेक्टर दोन्ही ठीक आहेत, तिथे बूटरेकची रीबिल्डबीसीडी कमांड लागते, ती ही यादी नव्याने बनवते.

आता कमांड काय *करत नाहीत* ते बघा, कारण लोक तिथेच फसतात. बूटरेकची फिक्सएमबीआर फक्त बूट कोड परत लिहिते, पार्टिशन टेबल दुरुस्त करत नाही. डी ड्राइव्ह गायब झाला असेल तर ती कितीही वेळा मारा, परत येणार नाही, त्यासाठी टेस्टडिस्कसारखं टूल लागतं. चुकीचं पार्टिशन अ‍ॅक्टिव्ह झालं असेल तर तेही ती बदलत नाही, ते डिस्कपार्टमधून (विंडोजचं पार्टिशनचं टूल) करायचं. तसंच फिक्सबूट बूट सेक्टर लिहिते, पण बूटएमजीआर ही फाइलच उडाली असेल तर ती आणून ठेवत नाही, ते काम बीसीडीबूट या वेगळ्या कमांडचं. आणि उबंटू लिनक्सबरोबर ड्युअल बूट (एकाच मशीनवर दोन सिस्टीम) असेल तर जरा थांबा, एमबीआरमध्ये ग्रब (कुठली सिस्टीम उघडायची ते विचारणारा लिनक्सचा प्रोग्रॅम) बसलेला असतो, फिक्सएमबीआर मारली की त्याचा मेनू गेला. लिनक्स डिस्कवर शाबूत असतं पण लिनक्सच्या लाइव्ह यूएसबीवरून ग्रब परत टाकावा लागतो.

व्हायरसच्या बाबतीतही हाच फरक. १९८६ चा लाहोरचा ब्रेन व्हायरस फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये बसायचा, फ्लॉपीला पार्टिशन नसतात म्हणून एमबीआरही नसतो. स्टोन्ड हा व्हायरस हार्ड डिस्कवर एमबीआरमध्ये जायचा, त्यामुळे सी ड्राइव्ह फॉरमॅट केला तरी तो तिथेच, कारण फॉरमॅट एमबीआरपर्यंत पोचतच नाही.

हे सगळं एमबीआर डिस्कचं झालं. गेल्या काही वर्षांतला लॅपटॉप असेल तर तो बहुतेक यूईएफआय (बायोसच्या जागी आलेला प्रोग्रॅम) आणि जीपीटीवर (एमबीआरच्या जागी आलेली पार्टिशनची पद्धत) चालतो, तिथे पहिल्या सेक्टरमध्ये नुसता संरक्षणासाठी ठेवलेला एमबीआर असतो, बूट त्यावरून होतच नाही, एका छोट्या फॅट३२ पार्टिशनमधल्या ईएफआय फाइलवरून होतं. तिथे फिक्सएमबीआर "यशस्वी" म्हणते पण बूटमध्ये काहीच फरक पडत नाही, फिक्सबूट बऱ्याचदा "अ‍ॅक्सेस इज डिनाइड" म्हणते, आणि माणूस उगाच घाबरतो. म्हणून पहिली कमांड डिस्कपार्टमधली लिस्ट डिस्क, जीपीटीच्या खाली चांदणी (*) दिसली तर या दोन्ही विसरा. त्या ईएफआय पार्टिशनला एक अक्षर द्या आणि बीसीडीबूटला विंडोजचा फोल्डर व ते अक्षर सांगा. रिकव्हरीत सी चा डी झालेला असू शकतो, आधी डीआयआर (फाइलची यादी दाखवणारी कमांड) मारून विंडोज कुठे आहे ते बघा.

दुकानात नेलं आणि "फॉरमॅट मारावा लागेल" असं ऐकलं तर लगेच हो म्हणू नका. बूट कोड उडाल्याने तुमचे फोटो उडत नाहीत, डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून आधी ते काढून घ्यायला सांगा. डिस्क टकटक वाजत असेल तर मात्र यातली एकही कमांड नको, बंद करा आणि डेटा काढणाऱ्याकडे द्या.