नकाशावरचा ठिपका आला कुठून?

एप्रिल २००९ मध्ये लॉस एंजेलिस पोलिसांचा ऑनलाइन गुन्हे-नकाशा उघडला असता, तर शहरातली सर्वांत धोक्याची जागा महापालिका भवनाच्या आसपास दिसली असती. पोलिसांचं नवं मुख्यालय तिथून हाकेच्या अंतरावर. प्रत्यक्षात तिथे विशेष काही घडत नव्हतं. ‘लॉस एंजेलिस टाइम्स’च्या पत्रकारांनी खोदून काढलं तेव्हा कळलं, की सॉफ्टवेअरला पत्ता उमगला नाही की ते तो गुन्हा गुपचूप याच एका बिंदूवर नेऊन टाकत होतं. घरफोडी, मारहाण, गाडीचोरी, सगळं एकाच उंबऱ्यावर.

असा नकाशा बघताना आपण ठिपक्याकडे बघतो. तो तिथे कुणी आणि कशावरून ठेवला, हे सहसा विचारत नाही. त्याची गोष्ट मात्र इंटरनेटपेक्षा बरीच जुनी आहे.

फ्रान्सच्या न्याय खात्याने १८२५ सालापासूनच्या फौजदारी खटल्यांची आकडेवारी छापायला सुरुवात केली. ती हाताशी धरून आंद्रे-मिशेल गेरी या तरुण वकिलाने आणि व्हेनिसचा भूगोलतज्ज्ञ आद्रियानो बाल्बी याने १८२९ मध्ये एकाच मोठ्या कागदावर फ्रान्सचे तीन नकाशे छापले. एक माणसांविरुद्धच्या गुन्ह्यांचा, एक मालमत्तेविरुद्धच्या गुन्ह्यांचा, तिसरा शिक्षणाचा. शाळा वाढल्या की चोऱ्या घटतील, असं तेव्हाचे भले लोक मानत. नकाशांनी त्यांची पंचाईत केली. साक्षरता जास्त असलेल्या उत्तर फ्रान्समध्येच मालमत्तेचे गुन्हे जास्त निघाले. ते नकाशे जिल्ह्याएवढ्या मोठ्या भागांना छटा देणारे होते, गल्ली-घरापर्यंत जाणारे नव्हते. वाचणारेही सरकारी अधिकारी आणि विद्वानच.

पोलिसांनी पुढे टाचण्या हातात घेतल्या. भिंतीवर शहराचा नकाशा, प्रत्येक गुन्ह्याला एक टाचणी, महिना संपला की काढायच्या. काढल्या की मागचा महिना गेला, कारण त्याची नोंद फक्त भिंतीलाच होती. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वे पोलिसांतला जॅक मेपल हा अधिकारी या बाबतीत हट्टी निघाला. त्याने १९८० च्या दशकाच्या शेवटी सुमारे ५५ फूट भिंत भरेल इतके कागदी तक्ते लावले. त्यांवर शहरातली सगळी स्टेशनं होती आणि रंगीत खडूने केलेल्या लूटमारीच्या खुणा. १९९४ मध्ये विल्यम ब्रॅटन न्यूयॉर्कचे पोलीस आयुक्त झाले, मेपल त्यांच्यासोबत आला आणि त्या तक्त्यांची ‘कॉम्पस्टॅट’ ही पद्धत झाली. हद्दीच्या प्रमुखाला बैठकीत उभं करायचं आणि नकाशा दाखवून विचारायचं: इथे हे गोळा का झालंय?

ठिपका आता अधिकाऱ्याच्या बढतीशी जोडला गेला, आणि मग जे व्हायचं ते झालं. गंभीर गुन्हा सौम्य कलमाखाली नोंदवून आकडे खाली ठेवले जातात, असे आरोप न्यूयॉर्कमध्ये वर्षानुवर्षं होत राहिले. ‘एफआयआर नको, एनसीवर (म्हणजे अदखलपात्र नोंदीवर) भागवा’ हे वाक्य पोलीस ठाण्यात ऐकलेल्या कुणालाही हे समजावून सांगायला नको.

सामान्य माणसाच्या हाती हा नकाशा पोहोचला तो शिकागोत. तिथल्या पोलिसांनी गुन्ह्यांची माहिती वेबसाइटवर ठेवली होती, पण रोज बघावीशी वाटेल अशी ती नव्हती. फेब्रुवारी २००५ मध्ये गूगल मॅप्स आलं. एड्रियन होलोव्हाटी या पत्रकार-प्रोग्रॅमरने पोलिसांच्या साइटवरून प्रोग्रॅमने नोंदी उचलल्या, गूगलच्या नकाशावर बसवल्या आणि मे महिन्यात शिकागोक्राइम डॉट ऑर्ग सुरू केली. बाहेरच्यांना आपला नकाशा वापरता यावा अशी अधिकृत सोय गूगलने जूनमध्ये केली, म्हणजे सुरुवातीला हे मागच्या दाराने चाललं होतं. शहरातल्या प्रत्येक ब्लॉकचं, म्हणजे दोन चौकांमधल्या रस्त्याच्या तुकड्याचं, वेगळं पान होतं. गुन्ह्याच्या प्रकाराने शोधा, रस्त्याने शोधा, वॉर्डाने शोधा. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने २००८ च्या एका प्रदर्शनात ही साइट मांडली. माझ्या मते तिचं खरं कसब चित्रात नव्हतं. तारखेनुसार पडलेल्या पोलिसी यादीला तिने ‘माझ्या घराजवळ’ हा दरवाजा पाडून दिला, ते कसब.

त्याच वर्षी ती ‘एव्हरीब्लॉक’ या मोठ्या साइटमध्ये सामावली. त्यात बांधकाम परवाने आणि हॉटेलांच्या तपासण्याही होत्या. एव्हरीब्लॉक पुढे विकली गेली आणि २०१३ मध्ये बंद पडली. नंतर शिकागोत पुन्हा सुरू झाली खरी, पण ती पहिली चमक गेली होती. तोवर शिकागो महापालिकेने स्वतःच २००१ पासूनच्या नोंदी खुल्या केल्या होत्या. त्यात ताजे सात दिवस नसतात, आणि पत्ताही ब्लॉकपर्यंतच दिसतो, म्हणजे घर क्रमांकाचे शेवटचे आकडे झाकलेले.

हे झाकणं हाच पुढे वादाचा विषय झाला. ब्रिटनच्या गृहखात्याने १ फेब्रुवारी २०११ रोजी इंग्लंड आणि वेल्सचा रस्त्यानुसार नकाशा खुला केला. लोकांची इतकी झुंबड उडाली की पहिल्याच दिवशी साइट आडवी झाली. उघडली तेव्हा पोर्ट्समथमधल्या सरे स्ट्रीट या जेमतेम शंभर मीटरच्या गल्लीवर एका महिन्यात शंभराहून जास्त गुन्हे दिसले. रहिवासी चक्रावले. फिर्यादीचं घर ओळखू येऊ नये म्हणून तिकडे गुन्हा घडल्या जागी दाखवतच नाहीत. आधीच ठरवून ठेवलेल्या जवळच्या बिंदूवर सरकवतात. आजच्या नियमानुसार अशा प्रत्येक बिंदूच्या पट्ट्यात किमान आठ पत्ते तरी हवेत, नाहीतर एकही नको. म्हणजे बागेच्या मधोमध दिसणारी चोरी बागेत झाली असेलच असं नाही. त्याच वर्षी एका विमा कंपनीच्या पाहणीत काही लोकांनी कबूल केलं, की घर विकताना किंवा भाड्याने देताना अडचण नको म्हणून त्यांनी गुन्हा पोलिसांना कळवलाच नाही. न कळवलेल्या गुन्ह्याचा ठिपका पडत नाही.

भारतात या प्रश्नाला उलट्या बाजूने हात घातला गेला. दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या बलात्कार प्रकरणानंतर मुंबईच्या एल्सा मारी डिसिल्वा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सेफसिटी’ सुरू केलं. रस्त्यात किंवा गाडीत झालेली छेडछाड बाई नाव न सांगता नकाशावर नोंदवू शकते. पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागत नाही. अर्थात, नोंद खरी की खोटी हे तपासायलाही कुणी बसलेलं नसतं.

पोलिसांकडच्या नोंदींबाबत सर्वोच्च न्यायालयाने ७ सप्टेंबर २०१६ रोजी आदेश दिला, की एफआयआर नोंदल्यापासून २४ तासांत वेबसाइटवर टाकावा. त्यामुळे आपल्याकडे एफआयआर पोलीस ठाण्यांनुसार वाचायला मिळतात, पण यादी म्हणून. २००५ च्या आधीच्या शिकागोसारखंच. त्या आदेशाने संवेदनशील गुन्हे वगळले आहेत, आणि त्यात लैंगिक गुन्हे येतात. सेफसिटीच्या नकाशावर असतात ते नेमके त्याच जातीचे प्रसंग.