लक्स वेगळा, पीपीएफडी वेगळा: रॅकवरच्या भाजीसाठी दिवे निवडताना

कापसाची रिकामी खोली, लोखंडी अँगलची रॅक आणि थरांवर ट्रे, एवढी तयारी झाली की घोळ दिव्यांपाशी होतो. दिव्याच्या खोक्यावर लुमेन (दिव्यातून निघणारा एकूण उजेड) असतात, मोबाईलचं अॅप लक्स (एका चौरस मीटरवर पडणारे लुमेन) दाखवतं आणि लागवडीचं कोष्टक पीपीएफडी मागतं. तिन्ही मापं उजेडाचीच. पण लुमेन आणि लक्स माणसाच्या डोळ्यासाठी बनले, पीपीएफडी पानासाठी.

डोळ्याला सगळ्यात जास्त जाणवतो तो ५५५ नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा उजेड. लक्स मोजताना रंगांना त्याच हिशोबाने वजन दिलं जातं, त्यामुळे गडद लाल आणि निळ्याची त्यात फारशी गणतीच होत नाही. पान मात्र ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला सगळा उजेड कमी-अधिक वापरतं. या पट्ट्यातले किती प्रकाशकण एका चौरस मीटरवर दर सेकंदाला पडतात, ते पीपीएफडी सांगतो. एकक मायक्रोमोल, म्हणजे प्रकाशकण मोजायचं माप; दहा लाख मायक्रोमोलचा एक मोल.

म्हणून दोन्हींचं गुणोत्तर दिव्यागणिक बदलतं. १ मायक्रोमोल म्हणजे उन्हात साधारण ५४ लक्स, थंड पांढऱ्या (खोक्यावर ६५०० केल्विन लिहिलेल्या) एलईडीखाली साधारण ७० आणि फक्त लाल-निळ्या जांभळ्या दिव्याखाली जेमतेम ८. मोबाईलवर ८०० लक्स दिसले, तर जांभळ्या दिव्याखाली पानाला १०० मायक्रोमोल मिळत असतील आणि पांढऱ्याखाली फक्त ११. जांभळा दिवा मंद दिसतो म्हणून तो कमजोर ठरत नाही. तरीही घरच्या रॅकला पांढराच घ्यावा. जांभळ्या उजेडात पानाचा पिवळेपणा किंवा बुरशीचा डाग वेळेत दिसत नाही, आणि पांढरी ट्यूब तालुक्याच्या दुकानातही मिळते.

आता हिशोब. ४ फूट बाय २ फुटांचा थर म्हणजे ०.७४ चौरस मीटर. २० वॅटची, २००० लुमेनची एक एलईडी ट्यूब लावली आणि २० टक्के उजेड बाहेर गेला असं धरलं, तर पानावर सुमारे २१५० लक्स पडतात, म्हणजे सुमारे ३१ मायक्रोमोल. खोली लख्ख वाटते आणि रोपं मात्र उंच, पांढुरक्या देठाची होऊन लोळतात. सहा ट्यूबा लावल्यावर १८५ मिळतात.

रोपाला दिवसभराची बेरीज लागते. मायक्रोमोल गुणिले तास गुणिले ०.००३६, की दिवसाचे मोल निघतात. १८५ वर १४ तास दिवे ठेवले तर ९.३ मोल. मायक्रोग्रीन्सला (कोवळी असतानाच कापून खायच्या रोपांना) ६ ते ८ पुरतात, कोथिंबिरीला म्हणजे आपल्या सांबाराला १० च्या आसपास, लेट्यूसला (सॅलडच्या पानांना) १२ ते १७. सांबाराला तास वाढवून भरपाई करू नका. दिवस लांबला आणि उष्णता असली की तो लवकर फुलावर जातो. १४ तासांवर थांबा, उणीव ट्यूबा वाढवून भरा.

बेरजेचा फायदा भारनियमनात कळतो. तीन तास वीज गेली तर ते तीन तास नंतर द्यायचे, दिव्यांना इन्व्हर्टर लागत नाही. गोल चकतीचा यांत्रिक टायमर वीज गेली की स्वतःही थांबतो, त्यामुळे १४ तास आपोआप पूर्ण होतात. आठवड्यातून एकदा चकती घड्याळाशी जुळवून घ्यावी. बॅटरीचा डिजिटल टायमर वेळ पुढे नेतो आणि गेलेले तास बुडतात.

एका थराला १२० वॅट, दिवसाला १.६८ युनिट, महिन्याला ५०. दोन थरांतच १०० युनिट होतात आणि घरगुती मीटरवर त्यापुढचा दर चढा आहे. थर वाढवण्याआधी हे मांडून बघा.

ट्यूबा समान अंतरावर लावल्या तर मधली रोपं जोमात आणि काठाची खुरटी राहतात, कारण काठाला उजेड एकाच बाजूने मिळतो. बाहेरच्या ट्यूबा काठाकडे सरकवा, मधलं अंतर थोडं वाढवा. रॅकच्या पाठीला आणि बाजूंना पांढरा रंग दिलेला पत्रा लावा, पण हवा फिरायला वाट ठेवा. चुरगळलेली चकचकीत फॉइल नको, तिच्याने उजेड ठिपक्याठिपक्यांनी पडतो आणि उघड्या वायरीला लागली तर धोका वेगळाच. शेंड्यापासून ट्यूब १५ ते २० सेंटिमीटरवर हवी. ट्रे ७, रोप २०, मोकळी जागा १५ आणि ट्यूब ५, म्हणून दोन थरांत ४७ सेंटिमीटरपेक्षा कमी अंतर चालत नाही.

मोजताना मोबाईल शेंड्यांच्या उंचीवर, स्क्रीन वरच्या बाजूला येईल असा आडवा ठेवा. सेन्सर पुढच्या कॅमेऱ्याजवळ असतो. थराच्या नऊ जागी आकडा घ्या आणि पांढऱ्या ट्यूबसाठी ७० ने भागा. अॅपचा आकडा ढोबळच असतो, पण मध्य आणि काठ यांतला फरक त्यात नीट दिसतो. काठाचा आकडा मधल्याच्या ७० टक्क्यांहून कमी आला तर ट्यूबा पुन्हा सरकवा.

शेवटी उन्हाळा. ट्यूब जेवढी वीज खाते, तेवढी जवळपास सगळी उष्णता होऊन खोलीतच राहते. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा दिवे संध्याकाळी ७ ते सकाळी ९ चालवा आणि भर दुपारी अंधार ठेवा. कोरड्या हवेत कूलर चांगला चालतो, पण बंद खोलीत लावला तर दमटपणा साचून कोवळी रोपं बुडातून कुजतात. कूलरसमोरच्या भिंतीत वरच्या बाजूला एक्झॉस्ट पंखा बसवा आणि कूलर चालू असेपर्यंत तो चालू ठेवा.