जाम झालेला चाकाचा हब काढणे

ॲक्सलच्या टोकावर, ड्राइव्ह शाफ्टच्या दातांवर किंवा स्टीअरिंग नकलच्या (पुढच्या चाकाला धरून वळवणाऱ्या भागाच्या) भोकात घट्ट धरून बसलेला हब, म्हणजे चाक ज्यावर बसते तो मधला भाग, शेजारच्या भागांना इजा न करता सोडवण्याचे काम. बेअरिंग किंवा ऑइल सील बदलायचे असो, तुटलेला शाफ्ट बाहेर काढायचा असो, हा टप्पा वाटेत येतोच आणि बऱ्याचदा सगळ्या दुरुस्तीत जास्त वेळ तोच खातो.

हब धरून बसतो त्यामागे बहुधा गंज असतो. लोखंड गंजले की त्याचा गंज मूळ धातूपेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. हब आणि भोक यांच्यात फट जवळजवळ नसतेच, त्यामुळे गंजाचा पातळ थरही दोन्ही भागांना एकमेकांवर दाबून धरतो. नकल ॲल्युमिनियमची आणि हब पोलादी असेल तर खारे पाणी शिरल्यावर दोन धातूंमधली विद्युत-रासायनिक झीज सुरू होते आणि सांध्यात पांढरी भुकटी साचते. निमुळत्या म्हणजे टेपर ॲक्सलची गोष्ट वेगळी. तिथे हब घट्ट बसणे हाच रचनेचा हेतू असतो. नट आवळला की हब निमुळत्या भागावर पाचरीसारखा चढतो, आणि गंज नसतानाही तो हाताने निघत नाही.

जोर लावण्याआधी नेमके काय अडकले आहे ते ठरवणे, हा या कामातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. ड्रम ब्रेकच्या गाडीत अनेकदा हब मोकळाच असतो. ड्रमच्या आत झिजून पडलेल्या कडेमागे ब्रेक शू अडकलेले असतात. हँडब्रेक सोडून ब्रेकची ॲडजस्टमेंट मागे घेतली की ड्रम निघतो. ही तपासणी न करता पुलर, म्हणजे भाग ओढून काढणारे हत्यार, लावला तर ड्रमची कड फुटते किंवा शूच्या पिना वाकतात.

टेपर हबसाठी योग्य हत्यार म्हणजे चाकाच्या सगळ्या स्टडवर (चाक आवळण्याच्या आट्यांच्या खुंट्यांवर) नटांनी आवळून बसणारा पुलर. कडेला नख्या अडकवणाऱ्या पुलरने ओढ एका बाजूला जाते आणि ड्रम वाकतो. कॉटर पिन (नट फिरू नये म्हणून आरपार घातलेली पिन) काढून ॲक्सलचा नट सैल करावा, पण पूर्ण काढू नये. तो काही आटे मागे घेऊन शाफ्टच्या टोकाशी सपाट येईल असा ठेवावा. टेपर सुटतो तेव्हा बंदुकीच्या बारासारखा आवाज होतो आणि जड हब पुलरसकट झटक्याने बाहेर येतो. त्या वेळी समोर उभ्या माणसाला वाचवतो तो हा नट. आट्यांचे तोंडही त्यामुळे पसरत नाही. मधला स्क्रू ताकदीने आवळावा, स्क्रूच्या डोक्यावर नेमका एक ठोका द्यावा, पुन्हा आवळावे. तरीही हलला नाही तर ताण तसाच ठेवून सांध्यात गंज सोडवणारे तेल सोडावे आणि रात्रभर थांबावे. वाट पाहणे कंटाळवाणे असते, पण नुसत्या हातोडीच्या माऱ्याने बेअरिंगच्या धावपट्टीवर खळगे पडतात आणि ते नंतर आवाज करू लागते. १९७६ ते १९८६ च्या जीप सीजे गाड्यांतल्या एएमसी २० ॲक्सलमध्ये तर ही खबरदारी अधिकच लागते. त्याच्या नव्या हबला आतून दात नसतात, बसवताना शाफ्टच ते कापतो. म्हणून जुना हब परत वापरायचा असेल तर काढण्यापूर्वी हब व शाफ्टवर खूण करून ठेवावी आणि तो त्याच जुन्या खाचांत बसवावा.

नकलला मागून बोल्टने धरलेल्या हब-बेअरिंग युनिटची पद्धत निराळी. बाहेर ओढण्याआधी त्याला थोडे फिरवून बघावे. गंजाचा थर फिरण्याने लवकर तुटतो. हबच्या बाहेर आलेल्या कानावर आडवी छिन्नी धरून एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने ठोके द्यावेत. हब केसभर फिरला की निम्मे काम झाले. त्यानंतर बोल्ट काही आटे मागे घेऊन त्यांच्या डोक्यांवर समोरासमोरच्या जोड्यांत ठोकावे, किंवा फ्लँजवर (हबच्या चपट्या कडेवर) स्लाइड हॅमर, म्हणजे दांड्यावर सरकणाऱ्या वजनाने बाहेर झटके देणारे हत्यार, लावावा. असे ठोकून निघालेले बेअरिंग परत वापरू नये, कारण सगळा धक्का त्याच्या गोळ्यांतून गेलेला असतो.

उष्णता शेवटचा उपाय. दर अंश सेल्सियसला लोखंड दहा लाखांत सुमारे १२ भाग प्रसरते. म्हणजे ७२ मिमी. व्यासाचे भोक १५० अंशांनी तापले तर ०.१३ मिमी. मोठे होते, आणि गंजाची पकड सोडायला एवढे पुरते. गरम करायचे ते बाहेरचा भाग. शाफ्टही सोबत तापला तर फायदा उरत नाही. ॲल्युमिनियम जवळजवळ दुप्पट प्रसरते, पण ज्योतीखाली लाल न होताच वितळते आणि त्याआधीच त्याची ताकद गेलेली असते, म्हणून तिथे मंद आच किंवा इंडक्शन हीटर बरा. तापवण्यापूर्वी ग्रीस, तेल आणि एबीएसचा सेन्सर दूर करावेत. क्लोरिनयुक्त ब्रेक क्लीनर फवारलेल्या भागाला ज्योत कधीही लावू नये, त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो.

दातांच्या ड्राइव्ह शाफ्टवर हे प्रकरण सोपे असते. गाडी चाकांवर असतानाच नट सैल करावा आणि शाफ्टला मागे ढकलणारा पुलर लावावा. आतल्या सांध्याला ताण बसू नये म्हणून शाफ्ट लोंबकळत सोडू नये.

परत बसवताना नकलचे भोक वायर ब्रशने चकचकीत करून गंजरोधक लेपाचा पातळ हात द्यावा. टेपर मात्र कोरडा व स्वच्छ हवा. तेल लागले तर हब ठरल्यापेक्षा जास्त वर चढतो आणि त्याला आतून चीर जाऊ शकते. चावी (हब व शाफ्टच्या खाचेत बसून दोघांना एकत्र फिरवणारा धातूचा तुकडा) आणि तिची खाच झिजलेली नाहीत हे पाहावे. नट टॉर्क पान्याने निर्मात्याने दिलेल्या मापाला आवळावा, आणि कॉटर पिनचे भोक जुळत नसेल तर नट मागे न सोडता पुढेच आवळून जुळवावे. सैल टेपर हबवर गाडी चालवली की आधी चावी कापली जाते आणि मग शाफ्टचा निमुळता भाग खराब होतो.