भौमितिक ठळक अक्षरवळण

वर्तुळ, सरळ रेषा आणि जवळपास सारख्या जाडीचे दंड यांवर बेतलेला, टोकांना शेपट्या नसलेला जाड फॉन्ट. मथळे, पोस्टर आणि पाट्या हे त्याचे क्षेत्र.

उगमाबद्दल मतभेद आहेत. बिनशेपटीचे रोमन वळण लंडनच्या कॅझलन ओतशाळेच्या (छपाईचे खिळे ओतणाऱ्या कारखान्याच्या) नमुन्यांत 1816 च्या सुमारास दिसते. त्यात फक्त कॅपिटल अक्षरे होती. भौमितिक वळणाचा मान बहुधा जर्मन अक्षररचनाकार पॉल रेनर यांच्या फ्यूचुरा या फॉन्टला (1927) दिला जातो. याकोब एर्बार यांचे वळण मात्र त्याआधी, 1926 च्या सुमारास आले असावे, आणि त्याचे आराखडे आणखी जुने मानतात. कालक्रम पाहता एर्बार यांचा दावा अधिक ग्राह्य वाटतो. पुढच्या वळणांवर ठसा मात्र फ्यूचुराचाच आहे. फ्यूचुराही निव्वळ कंपासची नाही. गोलाई दंडाला मिळते तिथे रेषा बारीक केलेली आहे, नाहीतर जाड वजनात (वजन म्हणजे फॉन्टच्या रेषांच्या जाडीची पायरी) तो जोड काळा पडतो.

देवनागरीत इंडियन टाइप फाउंड्रीचा पॉपिन्स (2014) महत्त्वाचा. देवनागरी निनाद काळे यांची, रोमन जॉनी पिनहॉर्न यांची, वजने नऊ.

देवनागरीत खरी कसोटी जाड वजनाचीच. शिरोरेषा दंडाइतकीच जाड ठेवली तर ती अधिक जाड भासते, म्हणून किंचित बारीक घ्यावी लागते. ‘ळ’ची दोन वाटोळी आणि ‘ढ’ची गाठ आधी बुजतात; तिथे वर्तुळाचा हट्ट सोडून पोकळी मोकळी ठेवणे हाच योग्य मार्ग. मराठवाड्यातली गावांची नावे या कामी उत्तम नमुना ठरतात: ‘परळी’त ‘ळ’, ‘औंढा’त दोन मात्रा, अनुस्वार आणि गाठ, ‘हिंगोली’त वेलांटीला भिडणारा अनुस्वार. ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आहेत का आणि ‘दऱ्या’तला अर्धा र नीट उमटतो का, हेही छापण्यापूर्वी तपासावे. तो रफार होऊन ‘दर्या’ झाला, तर डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र होतो.

निजामी अमलात उर्दू राज्यकारभाराची भाषा असल्याने या भागातल्या पाट्यांना बहुलिपीची सवय जुनी आहे. 2022 च्या राज्य कायदादुरुस्तीनुसार दुकानाच्या पाटीवर देवनागरी मराठी अक्षरे इतर लिपींपेक्षा लहान चालत नाहीत. दोन लिपींना वेगवेगळे फॉन्ट लावून पॉइंट (फॉन्टच्या आकाराचे माप) सारखे ठेवले की देवनागरी बहुधा लहान दिसते. म्हणून पॉइंटवर न जाता छापील उंची पट्टीने मोजावी. पॉपिन्समध्ये रोमन कॅपिटल देवनागरी अक्षरांपेक्षा ठेंगणी असल्याने ही अडचण येत नाही. रोमन पाटीसाठी वाचणाऱ्यापासूनच्या दर 3 मीटर अंतराला 2.5 सेंटिमीटर उंची हा ढोबळ आडाखा आहे. मात्रा-उकारांमुळे मराठीला जास्त धरावी.

अॅक्रिलिकमध्ये कापताना शिरोरेषेमुळे अखंड शब्द एका तुकड्यात निघतो, पण अनुस्वाराचा ठिपका सुटा होतो. तो शब्दाबरोबर न ठेवल्यास बसवताना राहून जातो आणि ‘औंढा’चे ‘औढा’ होते. आतून दिवे लावायचे असल्यास एक वजन हलके घ्यावे, कारण रात्री उजेड पसरून पोकळ्या भरतात.