ट्रकमधली अंतर-इशारा यंत्रणा

पुढच्या गाडीच्या फार जवळून ट्रक चालला असेल तर ड्रायव्हरला दिवा, बीप किंवा सीटची थरथर यातून तसं सांगणारी यंत्रणा. जड ट्रक, ट्रेलर आणि लांब पल्ल्याच्या बसमध्ये ती असते. ती फक्त सांगते, ब्रेक मारत नाही. धडक-इशारा, आपोआप लागणारा इमर्जन्सी ब्रेक आणि अडॅप्टिव्ह क्रूझ (पुढच्या गाडीप्रमाणे स्वतःचा वेग आपोआप कमी-जास्त करणारी सोय) हे तिघं बऱ्याचदा त्याच रडारवर चालतात, म्हणून जाहिरातीत आणि कधीकधी अभ्यासातसुद्धा सगळं एकाच नावाखाली जातं, पण हिशोब वेगळा आहे आणि तो आधी बघायला हवा.

धडक-इशारा बघतो तो ‘धडकेला उरलेला वेळ’, म्हणजे दोन गाड्यांमधलं अंतर भागिले दोघींच्या वेगातला फरक. आता ट्रक ताशी ९० किमीने चाललाय, पुढची कारही ९० नेच, मध्ये १० मीटर. वेगात फरक शून्य, म्हणजे उरलेला वेळ अनंत, आणि यंत्रणा गप्प! अंतर-इशारा मात्र ट्रकच्या स्वतःच्या वेगाने भागतो: ९० किमी म्हणजे सेकंदाला २५ मीटर, म्हणून १० मीटर म्हणजे ०.४ सेकंद. पुढच्याने ब्रेक मारला तर आधी ड्रायव्हरचा रिअॅक्शन टाइम जातो, त्यावर एअर ब्रेकची हवा पाइपातून चाकापर्यंत पोचायला साधारण अर्धा सेकंद (अमेरिकन ड्रायव्हर पुस्तिकेत ताशी ५५ मैलांना या दिरंगाईचे ३२ फूट, म्हणजे जवळपास १० मीटर धरतात), आणि ट्रकचा खरा ब्रेक लागायला सुरुवात होते तेव्हा मधली जागा बरीचशी संपलेली असते. कारच्या हायड्रॉलिक ब्रेकला ही दिरंगाई जवळजवळ नसतेच, म्हणून कारसाठी ठरवलेले आकडे ट्रकला जसेच्या तसे लावणं चूक.

उगम : याबद्दल दोन मतं दिसतात. काही जण सुरुवात १९५० च्या दशकातल्या रडार-प्रयोगांपासून धरतात आणि १९५९ च्या कॅडिलॅक सायक्लोन या प्रदर्शनी कारचं उदाहरण देतात, तिच्या पुढच्या दोन नाकाडांत रडार होतं आणि ते अडथळ्याची सूचना द्यायचं. पण ती अडथळ्याची सूचना झाली, मागे राहायच्या अंतराची नाही, आणि विकायला ती गाडी कधी आलीच नाही. दुसरं मत व्होरॅडकडे बोट दाखवतं. हे २४ गिगाहर्ट्‌झचं रडार, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत ग्रेहाउंडच्या बसमध्ये बसवलं गेलं आणि काही वर्षांत काढलंही. त्याच दशकात तंत्रज्ञान ईटन या ट्रकचे भाग बनवणाऱ्या कंपनीकडे आलं आणि ट्रकमध्ये शिरलं, पुढे २००९ च्या सुमाराला ते बेंडिक्स या ब्रेक बनवणाऱ्या कंपनीकडे गेलं. रोजच्या वापरातली जड गाडी आणि सेकंदात मोजलेलं अंतर या दोन्ही गोष्टी इथे एकत्र येतात, त्यामुळे हे मत जास्त पटण्यासारखं आहे. जपानमध्ये लेसरचा रस्ता निवडला गेला, १९९२ च्या मित्सुबिशी डेबोनेरमध्ये लिडारवर चालणारी अंतर-सूचना होती, पण ती कार.

रडारची एक गंमत म्हणजे साध्या डॉप्लर पद्धतीला नेमकी हीच परिस्थिती जड जाते. डॉप्लर वेगातला फरक पकडतो, आणि बरोबरीच्या वेगाने चाललेली गाडी फरकच दाखवत नाही, म्हणजे ज्याच्यासाठी यंत्रणा बसवली तेच तिला नीट दिसत नाही. फ्रिक्वेन्सी सतत चढती-उतरती ठेवणारी रडार आली तेव्हा अंतर थेट मोजता यायला लागलं, नंतर ७६-७७ गिगाहर्ट्‌झचा पट्टा रूढ झाला. उभ्या वस्तू गाळणं हा दुसरा त्रास: पूल, साइनबोर्ड, वळणावरचं गार्डरेल हे सगळं रडारला पुढ्यात उभं दिसतं.

कॅमेरावाली यंत्रणा पुढच्या गाडीचा तळ रस्त्याला कुठे टेकतो त्यावरून अंतर काढते. त्यासाठी कॅमेऱ्याची उंची आणि कोन पक्का माहीत लागतो, लोड भरल्यावर किंवा एअर सस्पेन्शनमुळे केबिन झुकली की हिशोब हलतो. धुकं आणि समोरचं ऊन हे तिचे शत्रू. मात्र जुन्या ट्रकला नंतर बसवायला ती सोपी, मोबिलआय कंपनीच्या कॅमेऱ्यांसारखी उपकरणं तशीच पसरली.

किती सेकंदांवर वाजावं? अमेरिकन पुस्तिकेचा नियम आहे की गाडीच्या दर १० फूट लांबीला १ सेकंद, आणि ताशी ४० मैलांच्या वर आणखी १. म्हणजे ६० फुटी ट्रेलरला ७ सेकंद. जर्मनीत ३.५ टनांवरच्या ट्रकला ऑटोबानवर ५० किमीच्या वर वेग असेल तर किमान ५० मीटर ठेवावे लागतात, जे ताशी ८० ला जेमतेम सव्वादोन सेकंद होतात. यंत्रणा प्रत्यक्षात ३ सेकंद किंवा त्याहून कमीवर लावतात, कारण ७ वर लावली तर ती गर्दीच्या रस्त्यावर दिवसभर वाजेल. शिवाय अंतर ठेवलं की कोणीतरी कट मारून मध्ये घुसतंच, आणि बीप बिचाऱ्या मागच्यालाच. फार वाजली की ड्रायव्हर आवाज कमी करतो किंवा लक्षच देत नाही. अशा वेळी नुसता बदलता आकडा दाखवणारा डिस्प्ले बरा, कान किटत नाहीत.

कायद्याचा जोर मात्र दुसरीकडे आहे. युरोपियन युनियनने काही प्रकार वगळता जड गाड्यांना इमर्जन्सी ब्रेक सक्तीचा केला, नव्या मॉडेलना नोव्हेंबर २०१३ पासून आणि सगळ्या नव्या गाड्यांना नोव्हेंबर २०१५ पासून, तिथे धडकेचा इशारा आहे, मागे राहायच्या अंतराचा नाही. २०१६ मध्ये युरोपात वायरलेसने जोडलेले ट्रक मुद्दाम एकमेकांच्या जवळून चालवून दाखवले गेले. अशा ताफ्यात ब्रेकचा निरोप थेट मागच्या ट्रकला जातो, त्यामुळे सेकंदांची नेहमीची मर्यादा तिथे लागू पडत नाही.